दर तेराव्या रविवारी 60 पिशव्या: रोटरॅक्ट क्लबने रक्तदान शिबिर कसं भरवावं

रोटरॅक्ट (रोटरीचा तरुणांचा क्लब) असो, लिओ (लायन्सचा) असो की ऑफिसातल्या आठ-दहा मित्रांनी मिळून काढलेला गट असो, नोकरी करणाऱ्या तरुणांच्या क्लबला पहिल्या वर्षी हमखास सुचणारा उपक्रम म्हणजे रक्तदान शिबिर. तो सुचायलाच हवा, कारण क्लबातली माणसं विशी-तिशीतली आणि धडधाकट असतात, शिवाय त्यांच्या ओळखीतही तशीच माणसं असतात. चूक होते ती आकड्याच्या हौसेपायी. वर्षातून एकदा 200-250 पिशव्यांचं जंगी शिबिर घ्यायचं, फोटो काढायचे आणि पुढचं वर्षभर गप्प बसायचं, ही पद्धत रक्तकेंद्राच्या, म्हणजे रक्तपेढीच्या, फारशी उपयोगाची नाही. त्यापेक्षा दर तीन महिन्यांनी 60 पिशव्या द्याव्यात, असं आम्ही ठामपणे सांगतो. हिंजवडी, खराडी, ऐरोली किंवा ठाण्याच्या एखाद्या सोसायटीत किंवा कंपनीच्या आवारात असं शिबिर कसं बसवायचं, ते पुढे दिलं आहे.

तारीख आधी, बाकी सगळं नंतर

रक्त साठवून ठेवायला मर्यादा आहे. पूर्ण रक्त 35 दिवस टिकतं, वेगळ्या केलेल्या लाल पेशी 42 दिवस आणि प्लेटलेट्स फक्त 5 दिवस. दुसरीकडे, थॅलेसेमिया मेजर (रक्ताचा जन्मजात आजार) असलेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, तेही जन्मभर. त्याची गरज जयंती, गणेशोत्सव किंवा कुणाचा वाढदिवस पाहून येत नाही. त्या दिवसांत गल्लोगल्ली शिबिरं होतात आणि पिशव्यांचा ढीग लागतो. मग मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, लोक गावी गेलेले असतात आणि रक्तपेढीची फ्रिजं रिकामी पडतात. दिवाळीत पुन्हा तेच. ऑगस्टपासून डेंग्यूचे रुग्ण वाढले की प्लेटलेट्ससाठी धावपळ सुरू होते.

एक सोपा हिशेब कायम उपयोगी पडतो. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये 90 दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. 13 आठवडे म्हणजे 91 दिवस. एप्रिलचा शेवटचा रविवार धरला आणि तिथून दर तेरावा रविवार मोजला, तर वर्षात बरोबर चार शिबिरं बसतात. 2026 मध्ये त्या तारखा 26 एप्रिल, 26 जुलै आणि 25 ऑक्टोबर अशा येतात आणि चौथी 24 जानेवारी 2027 ला. पहिली उन्हाळ्याच्या तुटवड्याच्या तोंडावर पडते, दुसरी पावसाळ्यात आणि तिसरी दिवाळीच्या दोन आठवडे आधी, लोक गावी निघण्यापूर्वी. शिवाय एप्रिलचा दाता जुलैत पुन्हा पात्र असतो. स्त्रियांसाठी हे अंतर 120 दिवसांचं आहे, म्हणून त्यांना एकाआड एक शिबिराला बोलवा. मधल्या काळात कुणाला द्यायचंच असेल तर 120 दिवस भरल्यावर थेट रक्तकेंद्रात जायला सांगा.

14 जून हा जागतिक रक्तदाता दिन आणि 1 ऑक्टोबर हा राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन. या दोन तारखांचा मोह टाळा, त्या दिवशी रक्तकेंद्रांना शिबिरं पुरेशी असतात.

रक्तकेंद्र निवडताना विचारायचे प्रश्न

शिबिर तुमचं असलं तरी रक्त घेतं ते परवानाधारक रक्तकेंद्र. किमान सहा आठवडे आधी तिथल्या जनसंपर्क अधिकाऱ्याला किंवा समाजसेवा अधीक्षकाला प्रत्यक्ष भेटा. रक्तघटक वेगळे करण्याचा परवाना आहे का? नसेल तर एका पिशवीचा एकाच रुग्णाला उपयोग होतो. असेल तर लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगवेगळ्या रुग्णांना जातात. गेल्या तीन महिन्यांत मुदत संपून किती पिशव्या फेकाव्या लागल्या? थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त कसं दिलं जातं? आमच्या दात्याला कार्ड मिळेल का, त्यावर काय सवलत आणि किती महिने? कार्डाचे नियम रक्तकेंद्रागणिक बदलतात. दात्याला चुकीचं आश्वासन दिलं तर पुढे त्याच्या घरचं कुणी आजारी पडल्यावर काउंटरवर भांडण होतं आणि नाव तुमच्या क्लबचं खराब होतं. म्हणून हे लेखी घ्या.

काही ठिकाणी आयोजकांना पिशवीमागे पैसे किंवा वस्तू देऊ केल्या जातात. सरळ नाही म्हणा. असं करणाऱ्या केंद्राकडे पुन्हा जाऊ नका. सरकारी रुग्णालयाच्या रक्तपेढीला पहिलं प्राधान्य द्यावं असं आमचं मत आहे, कारण तिथे येणाऱ्या रुग्णाला दुसरीकडे जाणं परवडत नाही. मात्र तिथल्या चमूच्या तारखा लवकर भरतात, म्हणून वर्षाच्या चारही तारखा एकाच पत्रात मागा.

60 हा आकडा कुठून आला

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत बाहेरच्या शिबिराचं मनुष्यबळ ठरवून दिलेलं आहे. सुमारे 3 तासांत 50 ते 70 दाते घ्यायचे असतील तर 6 ते 8 खाटांसाठी एक वैद्यकीय अधिकारी, दोन परिचारिका किंवा रक्त घेणारे तंत्रज्ञ, दोन समाजसेवक, तीन रक्तपेढी तंत्रज्ञ आणि दोन मदतनीस लागतात. म्हणजे एक चमू, एक गाडी, एक सकाळ. यापुढे गेलात की एकाच डॉक्टरवर ताण येतो. तपासणी घाईत उरकली जाते आणि नेमकी त्याच वेळी चक्कर येणाऱ्यांची संख्या वाढते.

सुई टोचण्यापासून उठून बसेपर्यंत एका दात्याला खाटेवर सुमारे 20 मिनिटं लागतात. सात खाटांवर तासाला 21, तीन तासांत 63. तितके दाते खाटेपर्यंत पोचायला दारात साधारण 72 जण यावे लागतात, कारण काहींना डॉक्टर परत पाठवणारच. आणि 72 जण यायला फॉर्मवर 120 नावं हवीत. रविवारी सकाळी झोप न उघडणारे खूप असतात. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही, नावं जास्त घ्या.

वेळेचे स्लॉट दर 15 मिनिटांचे ठेवा. पहिला 9:30 ला, शेवटचा 12:15 ला, म्हणजे बारा स्लॉट. प्रत्येकात 10 नावं. «सकाळी 9 ते 1 कधीही या» असं लिहिलंत तर सगळे साडेअकराला येतात, तासभर उभे राहतात आणि निम्मे न देता निघून जातात.

जागा

हॉल तळमजल्यावरचाच घ्या. रक्त दिल्यावर जिना उतरताना चक्कर आली तर डोक्याला मार बसतो. सोसायटीचं क्लबहाउस वरच्या मजल्यावर असेल तर पार्किंगमध्ये मांडव घाला, पण ऊन तिरकं येणारी बाजू कनातीने बंद करा. सात खाटांना साधारण 1,000 चौरस फूट लागतात. दोन खाटांमध्ये 3 फूट मोकळे हवेत, म्हणजे एखाद्याचे पाय वर करायचे झाले तर दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहू शकतो.

खाटा रक्तकेंद्र आणतं की मंडपवाल्याकडून आणायच्या, हे आधी विचारा; शनिवारी रात्री हा घोळ निस्तरत नाही. वीज अखंड हवी, कारण पिशवी हलवत वजन मोजणारं यंत्र विजेवर चालतं. चार एक्स्टेंशन बोर्ड, वायर जमिनीला चिकटवायला टेप आणि सोसायटीच्या जनरेटरची चावी कुणाकडे आहे त्याचा फोन नंबर, एवढं जवळ असावं. हात धुवायला साबण आणि वाहतं पाणी. डॉक्टरांच्या टेबलाभोवती पडदा. हा पडदा दिखाव्याचा नाही, त्याबद्दल पुढे सांगतो.

निरोपात काय लिहायचं

व्हॉट्सअपवर पाठवायचा निरोप पोकळ नको. «रक्तदान हेच जीवनदान» वाचून कुणी सकाळी पोहे खाऊन येत नाही. असा निरोप चालतो:

«रविवारी तुमची वेळ 10:15. शनिवारी रात्री किमान 6 तास झोप घ्या, दारू घेऊ नका. सकाळी पोटभर नाश्ता करा, उपास असेल तर या वेळी येऊ नका. निघताना दोन ग्लास पाणी प्या. सैल बाहीचा शर्ट घाला. ओळखपत्र आणा. वय 18 ते 65 आणि वजन किमान 45 किलो हवं. गेल्या 12 महिन्यांत टॅटू काढला असेल किंवा कान-नाक टोचलं असेल, टायफॉइड झाला असेल, तर या वेळी देता येणार नाही. रोजची औषधं चालू असतील तर नावं लिहून आणा, डॉक्टर सांगतील.»

हा निरोप शुक्रवारी एकदा आणि शनिवारी संध्याकाळी एकदा. शनिवारी फोनही करा. बारा स्वयंसेवक, प्रत्येकी दहा फोन, अर्ध्या तासाचं काम आहे. आयटीवाल्यांसाठी एक गोष्ट खास विचारा: रात्रपाळी करून येताय का? पुरेशी झोप नसलेल्या रात्रपाळीच्या माणसाचं रक्त घेत नाहीत. लांब पल्ल्याचे चालक आणि उंचावर काम करणारे यांनी पुढच्या पाळीच्या आधी किमान 24 तास मोकळे ठेवावेत.

परत पाठवलेला माणूस

हिमोग्लोबिन 12.5 पेक्षा कमी असेल तर रक्त घेत नाहीत. रक्तदाब वरचा 100 ते 140 आणि खालचा 60 ते 90 या पट्ट्यात हवा. मलेरिया बरा होऊन 3 महिने झालेले हवेत. इन्सुलिन घेणाऱ्यांना देता येत नाही. गोळ्यांवरचा मधुमेह आटोक्यात असेल तर डॉक्टर ठरवतात. 45 ते 55 किलोच्या माणसाकडून 350 मिली घेतात, 55 च्या वर 450 मिली घेता येतात. शेवटचा शब्द त्या दिवशीच्या डॉक्टरचा. क्लबच्या अध्यक्षाने «अहो, घ्या ना, आमचाच माणूस आहे» असं म्हणायला तिकडे जाऊ नये.

परत पाठवलेल्यांत मुली जास्त असतात आणि कारण बहुतेक वेळा हिमोग्लोबिन असतं. उत्साहाने आलेली मुलगी 10.8 ऐकून खट्टू होऊन निघून जाते, हे आयोजकांचं अपयश आहे. तिला सरबत द्या, आकडा लिहिलेली चिठ्ठी द्या आणि डॉक्टरांकडे जाऊन कारण शोधायला सांगा. नुसत्या बीट-खजुरावर सोडू नका. 

आता पडद्याबद्दल. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते. पण संसर्ग नुकताच झाला असेल तर काही दिवस तो कुठल्याच चाचणीत दिसत नाही. त्या दिवसांत रुग्णाला वाचवणारी एकच गोष्ट असते, दात्याने डॉक्टरला दिलेलं खरं उत्तर. ते उत्तर बॉस शेजारी उभा असताना कुणी देणार नाही. म्हणून पडदा लावा, एका वेळी एकच माणूस आत सोडा आणि कुणाला का परत पाठवलं हे क्लबातल्या कुणीही विचारू नका. एचआरला «किती जणांनी दिलं» एवढा आकडा द्या, नावं नाहीत. टीमनुसार चढाओढ लावू नका. त्याच कारणासाठी मिक्सर, हेल्मेट, कूपन अशा भेटवस्तूही नकोत. वस्तूसाठी आलेला माणूस आजार लपवतो. पैसे घेऊन रक्त देणं तर आपल्याकडे 1 जानेवारी 1998 पासून बंदच आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. चहा, बिस्किट आणि प्रमाणपत्र पुरे.

खाटेपासून टेबलापर्यंतचे 20 फूट

सुई टोचताना लोक घाबरतात, पण पडतात ते नंतर. खाटेवरून उठून नाश्त्याच्या टेबलाकडे चालत जाताना, टेबलापाशी उभं राहून फोनवर बोलताना, किंवा दहा मिनिटांनी बाथरूममध्ये. म्हणून तुमचे सगळ्यात शांत डोक्याचे दोन स्वयंसेवक याच पट्ट्यात ठेवा. त्यांनी फोन खिशात ठेवायचा आणि चेहरे बघायचे.

काय बघायचं? माणूस एकापाठोपाठ जांभया देऊ लागतो. बोलता बोलता उत्तरं तुटक होतात. ओठांचा रंग उतरतो, वरच्या ओठावर आणि कपाळावर घामाचे बारीक थेंब येतात. विचारलं तर हमखास म्हणतो, «काही नाही, ठीक आहे.» तेव्हा ऐकत बसू नका. आहे तिथेच, जमिनीवर सतरंजी असेल-नसेल, त्याला आडवं करा. पाय खुर्चीवर ठेवा, कॉलर आणि पट्टा सैल करा, डॉक्टरला हाक मारा. भोवतीची गर्दी हटवा. तोंडावर पाणी मारणं, कांदा हुंगवणं, बसतं करून सरबत पाजणं, यातलं काहीही नको. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत घशाखाली काही गेलं तर ठसका लागतो. बहुतेक जण दोन-तीन मिनिटांत सावरतात. तरी लगेच उठवायचं नाही. दहा मिनिटं आडवं, पाच मिनिटं बसून, मग उभं. पडताना डोकं आपटलं असेल तर थेट रुग्णालय, म्हणून एक गाडी आणि चालक दारात तयार ठेवा.

पहिल्यांदा देणारे, सडपातळ, उपाशी आलेले आणि कमी झोपलेले यांना चक्कर येण्याची शक्यता जास्त. फॉर्मवर «पहिल्यांदा» असं लिहिलेल्याच्या दंडावर रंगीत फीत बांधा. त्यांना खाटेवर पाच मिनिटं जास्त झोपवा आणि उठण्याआधी पायांचे पंजे आवळायला-सोडायला सांगा.

आणखी एक युक्ती, फार उपयोगाची. नोंदणी करतानाच प्रत्येकाचं हेल्मेट आणि बॅग ठेवून घ्या आणि टोकन द्या. सामान परत मिळतं ते नाश्त्याच्या टेबलावर, 15 मिनिटं बसल्यावर. «जरा थांबा» म्हटलेलं कुणी ऐकत नाही, पण हेल्मेटशिवाय कुणी निघत नाही. दुचाकीवाल्यांना अर्धा तास थांबवा. बाथरूमला जायचं असेल तर कडी न लावता, आणि बाहेर एक जण उभा.

हाताची काळजी हीसुद्धा इथेच सांगायची. कापूस दाबून धरताना हात सरळ ठेवायचा, कोपरात मुडपायचा नाही. मुडपल्याने शिरेवरचा दाब सुटतो आणि दुसऱ्या दिवशी निळा-काळा डाग उठतो. पाच मिनिटं दाबा, त्या दिवशी त्या हाताने बादली, जिम, लॅपटॉपची जड बॅग नको. डाग उठलाच तर पहिल्या दिवशी बर्फ.

सरबत

चहा नंतर, आधी पाणी आणि मीठ. शंभर माणसांना (दाते, स्वयंसेवक, चमू धरून) 30 लिटर लिंबू सरबत लागतं: 75 लिंबं, 3 किलो साखर, 100 ग्रॅम मीठ. साखर आदल्या रात्री गरम पाण्यात विरघळवून ठेवा, सकाळी ढवळत बसायला वेळ नसतो. लिंबं सकाळीच पिळा, रात्रभर राहिलेलं कडवट होतं. एप्रिलमध्ये कोकम सरबत ठेवलं तरी चालेल. सोबत केळी, ग्लुकोज बिस्किटं, राजगिऱ्याचा लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की. केळी आणि बिस्किटं नोंदणीच्या टेबलावरही ठेवा, कारण सूचना देऊनही दहा-बारा जण उपाशीच येतात. त्यांना खायला घालून अर्धा तास बसवा आणि नंतरच्या स्लॉटला सोडा. पिण्याच्या पाण्याचे 20 लिटरचे चार जार.

बारा जणांची वाटणी

नोंदणीवर तीन, त्यांतला एक फक्त फॉर्म पूर्ण भरलाय का ते तपासणारा. डॉक्टरांच्या पडद्यापाशी एक. खाटांपाशी दोन, त्या 20 फुटांत दोन, नाश्त्याला दोन, फोनवर एक (न आलेल्यांना आणि पुढच्या स्लॉटला), पार्किंगला एक. हे झाले बारा, क्लबचा अध्यक्ष वेगळा. अध्यक्षाने कुठल्याच टेबलावर बसू नये, त्याने फिरत राहावं. आणि स्वयंसेवकांनी रक्त द्यायचं असेल तर शेवटच्या स्लॉटला, काम संपवून. सकाळी देऊन दिवसभर खुर्च्या उचलणारे स्वयंसेवकच अनेकदा संध्याकाळी आडवे होतात.

रक्त लागलेला कापूस, सुया, नळ्या हा जैववैद्यकीय कचरा. तो रक्तकेंद्राच्याच पिशव्यांत, त्यांच्याच गाडीत परत गेला पाहिजे. सोसायटीच्या सफाई कामगाराने झाडूने गोळा केलेला एक कापूसही घंटागाडीत जाता कामा नये. चमू निघण्याआधी खाटांखाली वाकून स्वतः बघा. गाडी वेळेवर सोडणंही तुमच्याच हातात आहे: प्लेटलेट्स करायच्या तर रक्त घेतल्यापासून 6 तासांच्या आत घटक वेगळे व्हावे लागतात, आणि पहिली पिशवी 9:45 ची असते. दीड वाजता चमूला सामूहिक फोटोसाठी अडवून धरू नका.

सोमवारचे फोन

दुसऱ्या दिवशी प्रत्येक दात्याला एक फोन. तीनच प्रश्न: चक्कर आली का, हात दुखतोय का, पुढच्या वेळी याल का? पहिल्या दोन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर «हो» असेल तर रक्तकेंद्राच्या डॉक्टरांना कळवा. तुमच्याजवळच्या यादीत नाव, फोन, रक्तगट आणि तारीख, एवढंच, तेही दात्याला विचारून. तपासणीत काही आढळलं तर रक्तकेंद्र त्या माणसाशी स्वतः खासगीत बोलतं. ती माहिती मागू नका आणि कुणी द्यायला लागलं तरी घेऊ नका.

परत गेलेल्यांची वेगळी यादी करा, कारण न लिहिता. डॉक्टरांनी सांगितलेली पुन्हा येण्याची तारीख तेवढी पुढे मांडा. त्या तारखेनंतरच्या शिबिराचं पहिलं बोलावणं त्यांना जाऊ द्या. आणि सतरंज्या गुंडाळून हॉलची चावी परत देताना, पुढच्या तेराव्या रविवारचं बुकिंग तिथेच रजिस्टरमध्ये लिहून या.